सायरन आणि बाबांचे कान

"तुमचीच आहे हे आवाजावरून कळतं ताई, म्हणून उठलो नाही."

वॉचमनकाका हे इतक्या सरळपणे म्हणाले की मला त्यावर काही बोलताच आलं नाही. आदल्या रात्री पावणेतीनच्या सुमारास खाली पार्किंगमध्ये आमच्या गाडीचा सायरन वाजायला लागला होता. जानेवारीतले दिवस, निफाडचा पारा रोज पेपरात पहिल्या पानावर येत होता. शाल गुंडाळून, हातात रिमोट घेऊन मी जिना उतरले तेव्हा फरशीचा गारठा चपलेतून वर चढत होता. गाडीपाशी कुणी नव्हतं. दारं नीट लागलेली, काचा वर, इंडिकेटरसुद्धा लुकलुकत नव्हते. नुसता बॉनेटखालून तो चिरका आवाज. रिमोट दाबून काही फरक पडेना, आणि मग तो आपला आपणच थांबला. मी मान वर करून इमारतीकडे पाहिलं. एकाही खिडकीत दिवा लागलेला नव्हता. पहिल्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, समोरच्या विंगेत आयसीयूची रात्रपाळी करून येणारी एक नर्स राहते. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवरही कुणी चकार शब्द काढला नाही. कुणी चिडून काही लिहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. या थंडीत तो आधीही वाजला होता, आणि तेवढ्यात आख्ख्या इमारतीने आमच्या गाडीच्या आवाजात झोपायला शिकून घेतलं होतं.

इंदिरानगरातून ऑफिसला जाताना आख्खा रस्ता मी काकांच्या त्या वाक्याचाच विचार करत होते. गाडी रात्री खाली ठेवून आपण निर्धास्त झोपतो, तेव्हा तिची राखण तो सायरनचा प्लास्टिकचा डबा करत नसतो. ती शेजाऱ्यांचे कान करत असतात. डबा फक्त हाक मारतो. उठायचं की नाही, खिडकी उघडायची की कूस बदलायची, हे शेजारी ठरवतात. आणि त्यांनी एकदा "ही नेहमीचीच" असं ठरवलं की तो डबा असून नसल्यातच जमा. मला गाडीची एवढी काळजी वाटत नव्हती. जुनी गाडी आहे, विमा आहे. मला काळजी वाटली ती काकांच्या कानांची. आमच्या गाडीने त्यांच्या कानांना एक सवय लावली होती, आणि सवय गाडीपुरती राहीलच असं नाही. उद्या कुणाच्या घरातून खरी आरोळी आली तर काका उठतील, याबद्दल मला शंका नाही. पण उठण्याआधी अर्धा मिनिट ते थांबतील. तो अर्धा मिनिट कुणाला फार महागात पडू शकतो.

आपल्या नाशकात इशाऱ्यावर विश्वास ठेवायची जुनी रीत आहे. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती काय करतो? काहीच करत नाही, उभा असतो. पण पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं शहर त्याच्याकडे बघतं. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, एवढ्या शब्दांत भांडी बाजारातल्या आणि सराफ बाजारातल्या माणसाला कळतं की आता माल वर उचलायचा का नुसतं लक्ष ठेवायचं. क्युसेकचे आकडे मोबाइलवर येतात, पोलिसांची गाडी भोंग्यावरून सांगत फिरते, तरी घरोघरी प्रश्न एकच: "मारुतीला कुठवर आलंय?" 1969 चा पूर पाहिलेली माणसं त्याच मापाने बोलतात आणि 2008, 2016, 2019 चे पूर मोबाइलवर चित्रित केलेली पोरंही त्याच मापाने बोलतात. मारुती कधी उगाच हाक देत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत कुणी अर्धा मिनिटही थांबत नाही. जवळच नारोशंकराच्या देवळावर ती मोठी घंटा आहे, वसईच्या 1739 च्या विजयानंतर पोर्तुगिजांकडून आलेली, 1721 साल कोरलेली. शाळेच्या सहलीत ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं होतं, एवढी घंटा रोज का वाजवत नाहीत? आता वाटतं, बरंच आहे.

संध्याकाळी घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं.

बाबांना सायरन ऐकूच आला नव्हता.

पार्किंगच्या बरोब्बर वरची खोली त्यांची. खिडकीही त्याच बाजूला. आणि झोप अशी सावध की रात्री दूध तापवायला मी स्वयंपाकघरात गेले आणि कपाटाचं दार जरा जोरात लागलं, तर आतून "काय गं?" येतंच. कपाटाचा धप्प आवाज त्यांना ऐकू येतो. देवळालीच्या तोफखान्याचा सराव चालू असला आणि वारा इकडचा असला तर लांबून येणारे ते दबके दणके माझ्याआधी त्यांना कळतात. गणपतीत नाशिक ढोलाचं पथक गल्लीत शिरलं की ते मुद्दाम खाली जाऊन पथकाच्या शेजारी उभे राहतात, डोळे मिटून. ढोल त्यांना पूर्ण ऐकू येतो, छातीतही आणि कानातही. पण कुकरची शिट्टी नाही. दाराची टिंगटाँग नाही. माझी मुलगी भराभर बोलायला लागली की त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू येऊन बसतं, आणि त्या हसण्याचा अर्थ मला कळतो: आवाज आला, शब्द आले नाहीत. स, श, फ, थ ही सगळी बारीक, वरच्या पट्टीतली अक्षरं आहेत. ती गळाली की उरलेल्या वाक्याचा अंदाज बांधावा लागतो.

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये डाय फिटर, म्हणजे प्रेसमध्ये साचे बसवणारे, होते. लहानपणी आमच्या घरातलं घड्याळ म्हणजे एमआयडीसीतले भोंगे. भोंगा झाला की आईचा चहा गॅसवर, भोंगा झाला की बाबांची सायकल दारात. पत्रा कापणाऱ्या, वाकवणाऱ्या प्रेसचा आवाज मी एकदाच ऐकला, दसऱ्याच्या पूजेला त्यांनी आम्हाला आत नेलं आणि कुणीतरी मला दाखवायला मशिन चालू केलं तेव्हा. तो आवाज कानात शिरला नाही, दातांत शिरला. कारखान्यांसाठीचा नियम असा की आठ तासांच्या पाळीत कामगाराच्या कानावर सरासरी 90 डेसिबलच्या वर आवाज पडू नये. 95 झाला तर चारच तास, 100 ला दोन, 105 ला एक. कागदावर हे स्वच्छ दिसतं. बाबांच्या वेळी कानात घालायला कापसाचे बोळे होते, आणि तेही बरेच जण काढून खिशात ठेवत, कारण डाय बसवताना "दाब!", "थांब!" हे ऐकू आलं नाही तर शेजारच्याची बोटं जायची. बोटं वाचवायला कान दिले, असा तो सौदा होता. बाबांची दहाही बोटं शाबूत आहेत. एवढी वर्षं प्रेसवर काढलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

अशा आवाजाने कान एकदम बहिरा होत नाही. आतल्या शंखाकृती भागात बारीक केसांच्या पेशी असतात आणि प्रत्येक पट्टीसाठी त्यांची जागा ठरलेली असते. सततच्या दणदणाटात सगळ्यात आधी मरतात त्या साधारण 4000 हर्ट्झच्या आसपासच्या, आणि मेलेली पेशी परत उगवत नाही. आता दुसरी बाजू अशी: माणसाच्या कानाची नळीच अशा मापाची आहे की 2000 ते 5000 हर्ट्झचा आवाज तिच्यात आपोआप मोठा होतो. तान्ह्या बाळाच्या रडण्याची धार तिथेच असते. सायरन बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून डब्यातल्या त्या विजेने थरथरणाऱ्या पातळ पिझो चकतीचा आवाज ते त्याच पट्ट्यात ठेवतात, निरोगी कानाला टाळताच येऊ नये म्हणून. तर अख्ख्या इमारतीला झोंबेल असा जो सूर निवडलेला, नेमका तोच बाबांच्या कानातून गेलेला. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी बराच वेळ काही बोलले नाही.

त्यांनी मात्र लगेच कामाचा प्रश्न विचारला. "वाजत होता तेव्हा इंडिकेटर लागत होते का?"

"नाही."

"मग दाराचा दोष नाही, धक्का ओळखणाऱ्या शॉक सेन्सरचाही नाही. अलार्मच्या मेन युनिटने हाक दिली असती तर दिवे लागले असते. हा डबा स्वतःहून वाजतोय."

रविवारी सकाळी आम्ही बॉनेट उघडलं. निदान झालेलं होतं तरी बाबांनी आधी बॉनेटखालचा दट्ट्याचा स्विच दाबून पाहिला. त्याला गंज चढला की गाडीला वाटतं कुणी बॉनेट उचललं. तो ठीक होता. मल्टिमीटर लावला तर बॅटरी 12.1 व्होल्ट दाखवत होती. भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास हवी. "दमलीय, पण मेलेली नाही," बाबा म्हणाले. मग त्यांनी मला गाडीच्या कागदांच्या पाकिटातून एक छोटी गोल किल्ली शोधायला लावली, जी कशाची आहे हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. ती सायरनची. चोराने बॅटरीची तार काढली तरी ओरडता यावं म्हणून या जातीच्या सायरनमध्ये स्वतःचे चार्ज होणारे सेल असतात. त्यामुळे किल्लीने तो बंद न करता टर्मिनल सोडवलं की तो तुमच्या तोंडावर किंचाळतो, आणि तसं करणं त्याचं कामच आहे. किल्ली फिरवली, मग दहाच्या पान्याने आधी काळी तार सोडवली. आधी निगेटिव्ह, नेहमी. लाल आधी सोडवायला गेलं आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणग्यांचा जाळ होतो. जोडताना उलटं, काळी सगळ्यात शेवटी.

डबा ब्रॅकेटमधून निघाला तो वजनाला भारी आणि कडांना चिकट. मागचं झाकण पेचकसाने उचकटलं तर आत सेलांच्या तोंडाशी, तांब्याच्या भांड्यावर चिंचेचं पाणी वाळल्यावर उमटतो तसा हिरवट-पांढरा थर. वर्षानुवर्षं इंजिनच्या उष्णतेत राहून सेल फुटले होते आणि त्यांतलं रसायन सर्किटवर उतरून तांब्याच्या रेघा खात सुटलं होतं. बाबांनी भिंग धरून मला दाखवलं: एक रेघ पार तुटलेली, दुसरी केसाएवढी उरलेली. दिवसा गाडी चालते, बॅटरी भरते, सगळं निभतं. थंडीत पहाटेकडे दमलेल्या बॅटरीचा दाब जरासा उतरला की त्या अर्धवट सर्किटला वाटायचं, कुणीतरी तार कापली. आणि तो जिवाच्या आकांताने ओरडायचा. मला त्या डब्याचा राग येत होता तो तिथे गेला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला आत जे कळत होतं तेच तो सांगत होता.

नवीन घ्यायला आम्ही द्वारकेजवळच्या पार्ट्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरखालची बॅटरी काढून एक नमुना लावून दाखवला. सहा प्रकारचे आवाज, एकामागून एक. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी कानांवर हात ठेवले. बाबा शांतपणे खोक्यावरची माहिती वाचत होते. "गल्ली उठेल काका," दुकानदार म्हणाला. बाबांना ते ऐकू आलं की ओठांवरून कळलं ते मला माहीत नाही, पण ते म्हणाले, "एकाच आवाजाचा द्या. आणि आत सेल नसलेला. साधा, दोन तारांचा." खोक्यावर 110 डेसिबल लिहिलेलं होतं. मी मनातल्या मनात हिशोब करत होते. एका मीटरवर 110 धरले तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सहा-सहा कमी होत जातात, म्हणजे सोळा मीटरवर 86. आणि आमचं पार्किंग काही मोकळी जागा नाही, तिथे तीन बाजूंच्या भिंती तो आवाज परत फेकतात. कायद्याने वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्या वेळासाठी मर्यादा आहे 45 डेसिबल. पहिल्या मजल्यावरचं ते बाळ कितीने वर झोपतं हे ज्याने त्याने ताडून पाहावं. सेल नसलेला सायरन घेतला की चोराने तार कापल्यावर तो गप्प बसणार, हे बाबांना कळत होतं. त्यांचं म्हणणं असं की तार अशी फिरवू की ती हाताला लागायची नाही, पण उगाच ओरडणारा राखणदार पुन्हा नको. मला ते शंभर टक्के पटलं.

दुपारभर आम्ही बॉनेटमध्ये वाकून होतो. जुन्या तीन तारांपैकी लाल तार म्हणजे कायमचा पुरवठा, तिची आता गरज नव्हती. तिचं तोंड बाबांनी नीट बंद करून बांधून ठेवलं. तिसऱ्या तारेवर अलार्म वाजायच्या वेळी खरंच बारा व्होल्ट येतात का हे मीटरवर पाहिलं, मगच नव्या सायरनची लाल तार तिला जोडली. मी चिकटपट्टी पुढे केली तर त्यांनी मान हलवली. "इंजिनच्या उष्णतेत तिचा गोंद सुटतो. शिसं लाव, वरून हीट श्रिंकची, तापवली की आवळणारी नळी चढव." शिसं मी लावलं, कारण जवळचं त्यांना आता तितकंसं दिसत नाही, पण तार किती तापली की शिसं आपणहून आत ओढलं जातं, तो क्षण त्यांनी सांगितला. धुराच्या त्या वासाबरोबर मला सातपूरचं घर आठवलं, बाबांचा गॅलरीतला छोटा वाइस, आणि त्याला हात लावला की ऐकू येणारं "अगं, बोट!" सायरनचं तोंड त्यांनी खालच्या बाजूला करून बसवलं, म्हणजे गाडी धुताना किंवा पावसात पाणी आत साठणार नाही, आणि सायलेन्सरच्या पाइपापासून जमेल तेवढं लांब.

वाजवून पाहायच्या आधी मी ग्रुपवर टाकलं, पहिल्या मजल्यावर जाऊन बाळ जागं आहे ना हे विचारून आले आणि काकांना सांगितलं. सायरनभोवती जुनी चादर गुंडाळली. बाबांनी चादरीखालून हात घालून बोटांची टोकं डब्यावर टेकवली आणि मला खूण केली. मी कानात बोळे घालून रिमोट दाबला. त्यांचा चेहरा बघत होते मी. डोळे डब्यावर, मान जराशी कललेली, आणि बोटं स्थिर. तेवढ्या वेळात त्यांना किती कळलं असेल! "चकती नीट बसलीय," ते म्हणाले. "कंप एकसारखा आहे, कुठे खरखर नाही." मग शॉक सेन्सरचा बारीक स्क्रू फिरवून त्याची संवेदना उतरवली, बुलेट शेजारून गेली तरी गाडी गप्प राहील इतकी, आणि काचेवर हात आपटला की वाजेल इतकी. काचेवर हात काकांना आपटायला लावला. काका दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "हा वेगळाय. हा वाजला तर येतो मी."

त्यानंतरच्या थंडीतल्या रात्री गाडी गप्प होती. मी मात्र सुरुवातीला पावणेतीनला जागी व्हायचे, आणि जाग आली की शेजारच्या खोलीतल्या बाबांचा विचार यायचा. घरात ते एकटे असताना खालून कुणी हाक मारली तर? कुकरची शिट्टी, फोन, दार? कानांची तपासणी करूया असं मी सुचवलं की इतके दिवस ते "माझं काय अडतंय" म्हणायचे. या वेळी मी तो गंजलेला सर्किटचा तुकडा टेबलावर ठेवला आणि विचारलं, तुम्ही याचं निदान ऐकूनच केलंत ना, मी सांगितलेलं? मग तुमचंही कुणाला तरी करू द्या. ते त्या तुकड्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "गुरुवारी जमेल."

कॉलेज रोडच्या त्या दवाखान्यात काचेच्या बंद खोलीत हेडफोन घालून ते बसले. ऐकू आलं की बटण दाबायचं. जाड सुरांना पटापट दाबत गेले. मग सूर बारीक होत गेले आणि बटणावरचा अंगठा नुसता तयारीत राहिला. आलेख हातात आला तेव्हा रेघ 4000 शी खोल खड्ड्यात उतरलेली होती, दोन्ही कानांत सारखीच. डॉक्टरांनी न विचारताच ओळखलं, "कुठल्या कंपनीत होतात काका?" मग त्यांनी दोन यंत्रं काढून दाखवली, एक चार्जिंगचं, एक बदलायच्या सेलचं. बाबांनी दुसरं उचललं, चष्मा वर सरकवला, त्याचं इवलंसं दार नखाने उघडलं आणि आत बघत विचारलं, "आणि हा सेल फुटला तर आतलं सर्किट वाचतं का?" डॉक्टर खुर्ची जवळ ओढून त्यांच्याशेजारी बसल्या आणि समजावून सांगायला लागल्या, मोठ्याने आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून. बाबा मध्येच म्हणाले, "आधी कानात घाला हो ते, मग सांगा."